साखळी तुटत नाही, मांडणी बदलते

कापसाच्या सुताला चकाकी आणण्यासाठी ते कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात बुडवतात; याला मर्सरायझेशन म्हणतात. या सोड्याने सेल्युलोजची, म्हणजे कापसाचा तंतू ज्या ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा बनतो त्यांची, साखळीच तुटते, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. ते मला पटत नाही. सुमारे 18 ते 20 टक्क्यांच्या थंड द्रावणात ग्लुकोजची एकके जोडणारे बंध बहुतांशी शाबूत राहतात. तुटतात ते शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे हायड्रोजन बंध, आणि त्या फटींत सोडियम व पाणी शिरल्यामुळे तंतू फुगतो. सोडा धुऊन काढल्यावर साखळ्या पुन्हा जुळतात, पण पूर्वीसारख्या समांतर नव्हे, तर विरुद्ध दिशांनी, म्हणजे ‘सेल्युलोज-2’ या अधिक स्थिर रूपात. म्हणूनच मूळ रचना परत मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसणारा कापसाचा तंतू यानंतर बराचसा गोल आणि सरळ दिसतो. चकाकी मात्र सूत ताणून धरले तरच खुलते. 1850 साली या प्रक्रियेचे पेटंट घेणाऱ्या जॉन मर्सर यांनी तो ताण दिलाच नव्हता.