पाठपुरावा कुणी कुणाचा करायचा?

सदाफुली
कार्यालयप्रमुखांच्या प्रशिक्षणासाठी एक पुस्तिका मराठीत आणायची आहे. विषय असा, की नवी कार्यपद्धती लागू झाल्यावर ती टिकावी म्हणून प्रमुखाने पुढे काय करत राहायचं. इंग्रजीतल्या 'फॉलो-थ्रू'ला मी 'पाठपुरावा' लिहिलं. तपासणाऱ्याने ते खोडून 'सातत्य' केलं. त्यांचं म्हणणं, पाठपुरावा दुसऱ्याकडे करतात, आपणच सुरू केलेल्या कामाचा नाही. पण 'सातत्य'मध्ये काम कुठे पोचलं हे बघणं येतच नाही. उदाहरण सहा गठ्ठे पद्धतीचं, म्हणजे टेबलावरची कागदपत्रं सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या सरकारी पद्धतीचं आहे. काय लिहावं?

दप्तरबंद
तपासणाऱ्याचा आक्षेप योग्य आहे. 'शासनाकडे पाठपुरावा सुरू आहे' हे वाक्य बघा. स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, मग अर्धशासकीय पत्र. ज्याच्या हातात निर्णय नाही, तो हे करतो. प्रमुखाच्या हातात निर्णय असतो.

गोदाकाठ
शब्दातच उत्तर आहे. पाठ + पुरावा. पाठ गिरवल्याचा पुरावा मागणे. मग तो प्रमुखानेच मागायचा ना?

सदाफुली
नाही हो. इथे 'पाठ' म्हणजे धडा नाही, शरीराची पाठ. 'पाठ पुरवणे' आणि 'पिच्छा पुरवणे' या जोडीच्या वाक्प्रचारांत दोन्हीकडे मागची बाजूच आहे.

गोदाकाठ
ठीक. मग 'अनुपालन' घ्या. संस्कृत आहे, शासनात रुळलेला आहे.

दप्तरबंद
रुळलाय, पण खालच्याच्या वाट्याला. साहेब दप्तर तपासणी करतात, शेरे लिहितात आणि लिपिक अनुपालन अहवाल, म्हणजे शेऱ्यांप्रमाणे काम केल्याचा अहवाल देतो. तो अहवाल प्रत्यक्ष दप्तराशी ताडून बघणं, याला आपल्याकडे शब्द नाही, आणि नेमकं तेच होत नाही.

सहा गठ्ठ्यांचंच घ्या. अनिलकुमार लखिना अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या सुधारणा झाल्या, त्या 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेल्या. प्रलंबित, प्रतीक्षाधीन (बाहेरून उत्तर यायचं असलेली), नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची कागदपत्रं, असे सहा गठ्ठे. लावायला वेळ लागत नाही. मोडतात ते दुसऱ्या गठ्ठ्यापासून. प्रलंबितचा आकडा खाली दिसावा म्हणून प्रकरणं प्रतीक्षाधीनमध्ये सरकवली जातात. एक पत्र पाठवलं की झालं 'प्रतीक्षाधीन'! गोषवाऱ्यात, म्हणजे प्रकरणांच्या आकड्यांच्या तक्त्यात, सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून नुसता गोषवारा बघणाऱ्या प्रमुखाला हे कधीच कळत नाही. त्याने टेबलाशी जाऊन त्या गठ्ठ्यातली कुठलीही पाच प्रकरणं स्वतः उपसावीत आणि शेवटचं पत्र कधी गेलं, पुढची तारीख नोंदवहीत आहे का, एवढंच बघावं. तारीख नसेल तर प्रकरण तिथल्या तिथे प्रलंबितमध्ये परत. चार-सहा वेळा हे झालं की लिपिक आपणहून तारीख घालायला लागतो.

एमआयडीसी
कारखान्यात 'फाइव्ह एस'चं, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच पायऱ्यांच्या जपानी पद्धतीचं, हेच होतं. पिवळे पट्टे ओढले, हत्यारांच्या फळीवर आकार रंगवले, की पहिले चार एस दिसायला लागतात. पाचवा, 'शित्सुके', मराठी तक्त्यांवर 'शिस्त' म्हणून येतो आणि तिथेच अर्थ बिघडतो. जपानीत तो मुलाला वळण लावण्याचा शब्द आहे. शिवणकामात घडी बसेपर्यंत घालतात त्या कच्च्या टाक्यांनाही तोच उच्चार आहे. ऑडिटचा वार ठरलेला असला की आदल्या पाळीत आवराआवर होते. म्हणून मॅनेजरने वेगवेगळ्या वेळी, शक्यतो पाळी बदलताना जावं. फळीवर पाना नसेल तर ओरडू नये, तो कुठे सापडतो ते बघावं. बहुतेकदा मशिनपाशीच सापडतो, कारण फळी वीस पावलं लांब लावलेली असते. फळी हलवा.

सदाफुली
वळण, घडी... 'घडी बसवणे' फार जवळचं आहे. 'कारभाराची घडी बसवली' म्हणतोच आपण. 'तडीस नेणे' मी सोडून दिलं. तड म्हणजे काठ, आणि नाव काठाला लागली की नावाडी मोकळा होतो.

दप्तरबंद
घडी बसते, पण ती विस्कटू न देण्याचं काय? मी 'लावून धरणे' सुचवेन. बदल लावून धरायचा. बदली झाली की धरणाराच जातो, ही खरी अडचण. राज्याच्या 2005च्या शासकीय बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे. त्याच कायद्यात कुणाकडेही नस्ती (फाइल) सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असंही आहे. म्हणून कार्यभार सोपवतानाच्या टिपणीत पुढच्या दप्तर तपासणीची तारीख आणि अपुऱ्या अनुपालनांची यादी हवी. नाहीतर नवा अधिकारी नवी पद्धत आणतो.

गोदाकाठ
'बदल' आणि 'बदली' दोन्ही अरबी. 'परिवर्तन' लिहा.

एमआयडीसी
परिवर्तन सभेत होतं. पाळीत बदल होतो.

गोदाकाठ
असं म्हणूनच मराठी शब्द मागे पडतात! आणि 'प्रतीक्षाधीन' तरी कुणाला कळतं? गठ्ठ्यावर सरळ 'उत्तर यायचे आहे' असं लिहा.

सदाफुली
तुम्हीच संस्कृत मागत होतात.

दप्तरबंद
'उत्तर यायचे आहे' चालेल. फक्त कुणाकडून यायचं, ते प्रत्येक प्रकरणावर लिहायला हवं. बाहेरच्या कार्यालयाकडून यायचं असेल तरच ते या गठ्ठ्यात. शेजारच्या टेबलाकडून यायचं असेल तर ते प्रलंबितच.