हरणाच्या कॅम्पला ‘कोणीही चालेल’? आधी कोण किती चालतो ते बघा

झेडपीची शाळा:
परवा उंडगा यांनी टाकलंय की नोव्हेंबरात कोलोरॅडोला तिसऱ्या रायफल सीझनमध्ये (रायफलनं शिकारीच्या तिसऱ्या हंगामात) म्यूल डिअरच्या शिकारीला जायचंय, वेमिनूच वाइल्डरनेसमध्ये १०,००० फुटांवर तंबू ठोकायचाय आणि तीन-चार सोबती हवेत. "अनुभव नसला तरी चालेल, मराठी माणूस असला म्हणजे झालं, खर्च वाटून घेऊ, गप्पा-गाणी-धमाल." खाली चौदा जण "मी येणार मी येणार" करतायत, त्यातल्या नऊ जणांनी आयुष्यात बंदूक धरलेली नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. तिथंच उत्तर लिहायला बसलो होतो पण एवढं लांबलं की वेगळा धागा काढावा लागला.

भाऊ, ही माथेरानची सहल नाहीये. पहिली गोष्ट म्हणजे नोव्हेंबरात बर्फ पडला की हरणं खाली उतरतात, तुम्ही वर बसून कुणाची वाट बघणार आहात? आणि वाइल्डरनेस म्हणजे तिथं गाडी तर नाहीच, मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीसुद्धा चालत नाही. जे काय आणायचं ते पाठीवर नाहीतर घोड्यावर.

आता माझं दुखणं सांगतो. मीपण दोन वर्षांपूर्वी असाच ऑनलाइन भेटलेला एक सोबती घेऊन गेलो होतो. माणूस गप्पांना एक नंबर, गाडीत आठ तास हसवलं. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मला एक चांगला बक (नर) मिळाला, गाडीपासून चार मैल आत. हेडलॅम्प लावून मी सोलतोय, मांसातून वाफा निघतायत आणि माझी बोटं मात्र अशी आखडलेली की सुरी कातड्यावर आहे का अंगठ्यावर ते कळेना. साहेबांनी आधी शिंगं धरून बारा फोटो काढले (माझ्या हरणाबरोबर!), मग म्हणाले "गुडघा धरलाय रे" आणि गेले तंबूत. हाडं काढून ६०-६५ पाउंड मांस, वर शिंगांसकट डोकं. दोन खेपा. चार मैल जा, चार मैल ये, परत चार मैल जा. सकाळी तंबूशी पोचलो तर साहेबांनी मॅगी केलेली. स्वतःपुरती.

नेमबाज ढिगानं मिळतात हो. रात्री अकराला दुसऱ्याचं ओझं उचलणारा शोधा, आणि तो "धमाल" लिहिलेल्या पोस्टखाली सापडत नाही.

तिरफळ:
काका, मॅगीचं वाईट वाटलं. पण एका आळशी माणसावरून सगळ्या नवख्यांना बाद करणार का? मी मोंटानात राहते. २०१६ ला मला शिकायचं होतं, आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर विचारलं तर एकाचं उत्तर आलं, "वहिनी या की, कॅम्पवर रस्सा करायला कोणीतरी हवंच होतं". शेवटी शेजारच्या सत्तरीच्या आजोबांनी नेलं, ते माझे कोण लागत नव्हते. पहिल्या वर्षी मी बारच काढला नाही. त्यांच्या मागनं चालले, वाऱ्याची दिशा बघायला शिकले, त्यांनी मारलेल्या हरणाचे पाय धरून उभी राहिले आणि एक फरा पाठीवर घेऊन आले. नवखी होते, अनोळखी होते. त्यांनी तुमच्यासारखा विचार केला असता तर मी आजपण रस्साच करत बसले असते.

झेडपीची शाळा:
ताई, तुम्ही फरा उचललात ना? मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की.

तिरफळ:
नाही झालं. मी फरा उचलेन हे त्यांना आधी कुठं माहीत होतं?

उंडगा:
माझ्या नावाने धागा निघालाय हे आत्ता कळलं, आभारी आहे. चौदा जणांना कोणी नेत नाहीये, तीन-चार लिहिलंय ते वाचायचे कष्ट घेतले असते तर बरं झालं असतं. आणि एकट्यानं जाऊन पाय मुरगळून मरण्यापेक्षा गप्पिष्ट सोबती परवडला. मला साधी गोष्ट हवीये, संध्याकाळी तंबूत मराठीत बोलायला माणूस. अकरा वर्षं गोऱ्यांबरोबर गेलो, चांगले लोक आहेत, पण रात्री शेकोटीशी बसून फुटबॉलवर किती मान हलवायची?

सांगली ते सॉल्टलेक:
सगळे भावनेत वाहत चाललेत, कामाचं कोणी बोलत नाहीये. कोलोरॅडोत हरणाचा टॅग (एक हरीण मारायचा परवाना) सहसा थेट दुकानातून मिळत नाही, ड्रॉ म्हणजे सोडत लागते, आणि फॉर्म एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बंद होतो. म्हणजे सोबती नोव्हेंबरात नाही, आत्ता ठरवायचे. आणि खरी मेख अशी की ग्रुप अर्ज केला तर ग्रुपमध्ये ज्याचे प्रेफरन्स पॉइंट (जितके जास्त तितका ड्रॉत नंबर आधी) सगळ्यात कमी, तेच सगळ्यांना लागतात. माझ्याकडे सहा आहेत. दरवर्षी पैसे भरून, मन मारून जमवलेत. उद्या शून्यवाला एखादा "मराठी माणूस" माझ्या ग्रुपमध्ये आला की माझेपण शून्य. एवढी मैत्री माझी बायकोशीपण नाही.

गावठी कट्टा:
वहिनींना हा धागा पाठवू का?

पहिलाच बार:
मी त्या नऊ जणांपैकी एक 🙋 एक बेसिक शंका. मी एचवन व्हिसावर (नोकरीच्या तात्पुरत्या) आहे. बंदूक हातात धरली तर भानगड होते का?

सांगली ते सॉल्टलेक:
होऊ शकते. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, मात्र राज्यानं दिलेलं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यातून सूट आहे. आणि लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशनचं (शिकारीचा कोर्स केल्याचं) कार्ड लागतं, कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना. तू नक्कीच नंतरचा असशील. तोपर्यंत मित्राची बंदूक "जरा बघू" म्हणून पण घेऊ नकोस, आणि एकदा वकिलाला विचार. हे त्या "धमाल" पोस्टमध्ये कुठं होतं?

उंडगा:
बरं, हे राहिलं होतं. मान्य.

साजूक तूप:
निष्पाप मुक्या प्राण्याला मारायला एवढे कष्ट, एवढा पैसा... आणि वर गप्पा-गाणी. आपले संस्कार कुठं गेले?

गावठी कट्टा:
आले. आम्ही वाटच बघत होतो.

तिरफळ:
तूप काका, इथं बंदुका-काडतुसांवर १९३७ च्या कायद्यानं १०-११ टक्के टॅक्स बसतो आणि तो पैसा वन्यजीवांवरच खर्च होतो. माझ्या फ्रीजरमधलं मांस कुठल्या डोंगरातलं ते मला माहीत आहे. तुमच्या पनीरमागची म्हैस कुठंय ते सांगा, मग बोलू.

दशावतारी:
मूळ पोस्टमध्ये "खर्च वाटून घेऊ" लिहिलंय, मांसाचं काय ते लिहिलंच नाही. भांडण तिथं होतं. आमच्या कुडाळकडं आजोबांच्या वेळी पारध निघायची तेव्हा वाटे आधी ठरलेले असायचे. ज्याचा बार लागला त्याला मुंडकं आणि एक फरा, कुत्रेवाल्याला कुत्र्यांचा वेगळा वाटा, हाकाऱ्यांना सारखे वाटे, देवाचा एक. केळीच्या पानांवर वाटे घालायचे आणि म्हातारा पाठ फिरवून नावं घ्यायचा, हा कुणाचा, हा कुणाचा. कोणी चकार शब्द काढत नसे. झेडपी मास्तर, तुमच्या त्या गुडघेवाल्याला तुम्ही वाटा दिलात का नाही?

झेडपीची शाळा:
कसला वाटा! तंगडीपण दिली नाही.

दशावतारी:
मग चूक तुमची. कॅम्पला आला, तंबू राखला, वाटा त्याचा लागतो. आमच्याकडं रानात पाय ठेवला की वाटा.

झेडपीची शाळा:
तंबू राखला?? कुणापासून? खारीपासून? हे बघा, तुमच्या कुडाळात डुकराला टॅग नव्हता. इथं टॅग माझा, गोळी माझी, खांदा माझा. पाठ फिरवून नावं घ्यायला मी काय गावकार आहे?

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडं डुकरं रातच्याला अख्खं हरभऱ्याचं वावर झोपवून जातात, मारायला परवानगी काढायची तर कागदं घेऊन हेलपाटे, आन् इथं वाट्यावरून भांडून राह्यले. चालू द्या.

सांगली ते सॉल्टलेक:
दशावतारी, वाट्याची परंपरा गोड आहे पण कोलोरॅडोत अडचणीत आणेल. इथं ज्याचा टॅग त्यानंच मारायचं, मित्राचा टॅग तुमच्या गोळीनं भरला की केस. मिनेसोटात पार्टी हंटिंग चालतं, एकाच्या टॅगवरचं हरीण दुसऱ्यानं मारलं तरी चालतं, इथं नाही. मांस द्यायला हरकत नाही, पण सोबत सही केलेली चिठ्ठी द्या. आणि नेताना नर का मादी याचा पुरावा एका फऱ्याला चिकटलेला ठेवावा लागतो. तो वाटा कुणाला देणार ते आधीच ठरवा.

गावठी कट्टा:
तो गुडघेवाल्याला 😂

तिरफळ:
हसा, पण वाट्यांचं एक खरंच गंभीर आहे. सीडब्ल्यूडी. हरणांचा मेंदूचा रोग. १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला तो कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सला, पिंजऱ्यातल्या म्यूल डिअरमध्ये. डोकं तपासायला द्यायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत प्रत्येक हरणाचं मांस वेगळं, नाव घालून ठेवायचं. पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका असंच सांगतात. चार हरणांचं एकत्र करून पानावर वाटे घातले आणि एकाचं पॉझिटिव्ह आलं तर चौघांचं फेकावं लागेल.

दशावतारी:
म्हणजे आजोबा चुकीचे?

तिरफळ:
आजोबांच्या डुकराला हा रोग नव्हता हो.

दशावतारी:
बरं, वेगवेगळं बांधू. पण वाटा द्यायचा. ज्या कॅम्पात वाटा नाही त्या कॅम्पात माणूस ओझं का उचलेल? मास्तरांनी निघतानाच "तुझा एक फरा" म्हटलं असतं तर गुडघा दुखला असता का बघा.

झेडपीची शाळा:
म्हणजे आता मलाच दोष. त्या रात्री तुम्ही नव्हतात तिथं. उणे बारा होतं, घाम गोठून बनियन पाठीला चिकटलेलं, दुसऱ्या खेपेला ओढ्यात पाय घसरला आणि मी पाच मिनिटं तसाच बसून राहिलो, उठायचं कशासाठी तेच आठवेना. हायपोथर्मिया असाच सुरू होतो हे नंतर कळलं. खिशात सॅटेलाइट मेसेंजर होता, बटण दाबायचंपण सुचलं नाही. आणि तुम्ही मला वाट्याचं व्याकरण शिकवताय. फुकट बसणाऱ्याला फरा देणारे तुम्ही संत, आम्ही कंजूस.

दशावतारी:
मास्तर, ओढ्याचं माहीत नव्हतं. ते आधी लिहायला हवं होतंत, मॅगीचं नंतर.

उंडगा:
मग तर माझंच खरं ठरतंय ना? एकट्यानं जाऊ नये!

झेडपीची शाळा:
मी एकटा नव्हतो हो. तेच तर सांगतोय मघापासून.

उंडगा:
...

ठीक आहे. पोस्ट बदलतो. वेमिनूच रद्द, खालचं युनिट बघतो, रस्त्यापासून दोन मैलांच्या आत. नवख्यांनी पहिल्या वर्षी टॅग काढायचा नाही, पॉइंट घ्यायचा, म्हणजे सांगलीकरांची मैत्री वाचेल. नुसते वाहायला यायचं. दुसऱ्या शिकाऱ्यांना दिसायला डोक्यापासून कंबरेपर्यंत नारिंगी कपडे पाहिजेतच, बंदूक नसली तरी. बाटली उघडली की बंदुका गाडीत कुलूपबंद. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना, तिरफळ ताई यायच्या असतील तर त्यांना रश्शातून माफी.

तिरफळ:
रस्सा मीच करणार. दुसऱ्याच्या हातचा मला चालत नाही. पण भांडी तुम्ही.

सांगली ते सॉल्टलेक:
आणि कोण वाहू शकतो हे नोव्हेंबरात कळून उपयोग नाही. आधी चालवून बघा.

उंडगा:
तेच लिहितोय. मार्चच्या शेवटच्या रविवारी डेन्व्हरजवळच्या एखाद्या ट्रेलवर भेटायचं. इंडियन स्टोअरमधली २० पाउंडी तांदळाची पोती दोन-दोन पाठीवर, तीन मैल चढ, तीन मैल उतार. पोहोचेल त्याचा विचार करू. मास्तर, तुम्ही पंच म्हणून या.

झेडपीची शाळा:
मी येईन पण पोती उचलणार नाही. गुडघा धरलाय.

दशावतारी:
तांदळाचे वाटे कोण घालणार?

पहिलाच बार:
बासमती आणायचा का सोना मसुरी?

गावठी कट्टा:
फाटलं की सांडणार आहे, स्वस्तातला आण.