मेंबर नसलेल्या देशाला नाटोच्या मैत्रीतून नक्की मिळतं काय?

खडकीकर
रविवारी कट्ट्यावर वाद झाला तो अर्धाच राहिला म्हणून इथे मांडतोय. मित्राचं म्हणणं, नाटोसारखी लष्करी आघाडी मेंबरांपुरती असते, बाहेरच्यांशी मैत्री म्हणजे फोटो काढण्यापुरती. मला हे अजिबात पटत नाही. नाटोने १९९४ च्या जानेवारीत 'शांततेसाठी भागीदारी' हा कार्यक्रम काढला, फिनलंड आणि स्वीडन मे महिन्यात त्यात आले पण मेंबर मात्र झाले नाहीत, आणि मग जवळजवळ तीस वर्षं एकत्र सराव, रेडिओवर बोलायची पद्धत सारखी करून घेणं, अफगाणिस्तानात बरोबरीने माणसं पाठवणं हे चालू होतं, २०११ ला तर स्वीडनची ग्रिपेन विमानं लिबियावर टेहळणीला गेली. २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, मे महिन्यात फिनलंडने अर्ज केला आणि ४ एप्रिल २०२३ ला मेंबर, वर्षसुद्धा लागलं नाही. कारण बाकीचं सगळं आधीच जुळलेलं होतं.

अजून एक. अल्बानिया मेंबर नव्हता तेव्हा तिथल्या कोठारातले सुमारे १६ लाख सुरुंग नाटोच्या भागीदार निधीतून नष्ट केले. माझे वडील बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, रिटायर झालेत, सुरुंगाचं काम त्यांनी हाताने केलंय. ते सांगतात, दुसऱ्या तुकडीबरोबर काम असलं की चहा-पाणी नंतर, आधी साफ केलेल्या वाटेला त्यांची खूण कुठली आणि न तपासलेल्या जागेला कुठली हे त्यांच्या तोंडून ऐकायचं, मगच पाऊल टाकायचं. माझ्या मते विश्वास असाच तयार होतो, भाषणांनी नाही.

औंधवाली
खडकीकर, लांब कशाला जाता, आपल्या औंधचंच घ्या ना. नोव्हेंबर २०१४ ला इथल्या मिलिटरी स्टेशनला भारत-चीनचा 'हँड इन हँड' सराव झाला, २०१६ ला परत इथेच. दोन्हीकडचे जवान एकत्र राहिले, एकत्र ट्रेनिंग केलं. आणि जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले. मग कुठे गेला तो विश्वास? ती बातमी वाचली त्या दिवशी मला तो सरावच आठवला आणि खूप राग आला, अजून येतो.

खडकीकर
ताई, राग मलाही येतो. पण तो सराव दहा-बारा दिवसांचा, विषय दहशतवादविरोधी कारवाईचा, सीमेवर कोण कुठवर गस्त घालणार हा खरा प्रश्न त्यात नव्हताच. वर्षातून एकदा भेटणं वेगळं आणि तीस वर्षं रोज काम करणं वेगळं.

डेक्कन_सहा_वाजता
रोजच्या कामाचं म्हणताय तर जॉर्जियाचं बोला. एप्रिल २००८ ला बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने जाहीर केलं की जॉर्जिया आणि युक्रेन मेंबर होतील, कधी ते सांगितलंच नाही, आणि ऑगस्टमध्ये रशियाने जॉर्जियाशी युद्ध केलं तेव्हा बाजूने लढायला कोणी आलं नाही, कारण कलम ५, म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला मानायचा हे वचन, फक्त मेंबरांना. तरीही त्या लोकांनी नंतर अफगाणिस्तानातल्या हेल्मंडला नाटोबरोबर तुकड्या पाठवल्या, त्यांची माणसं तिथे मेलीसुद्धा. छोट्या देशाला असं अधांतरी ठेवणं मला क्रूर वाटतं. एकतर आत घ्या नाहीतर स्पष्ट नाही म्हणा.

खडकीकर
हे मान्य, बुखारेस्टला चूकच झाली. पण ती राजकारण्यांच्या आश्वासनाची चूक, खाली जे काम चालतं त्याची नाही. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात पाकिस्तान मेंबर नसताना नाटोची विमानं मदत घेऊन गेली, इंजिनिअर गेले, फील्ड हॉस्पिटल उभं राहिलं. लोक वाचले ना त्याने?

डेक्कन_सहा_वाजता
वाचले. आणि २६ नोव्हेंबर २०११ ला त्याच पाकिस्तानच्या सलाला चौकीवर नाटोच्या हवाई हल्ल्यात २४ सैनिक मेले, पाकिस्तानने अफगाणिस्तानातल्या नाटो फौजांच्या रसदेचा रस्ता सात महिने बंद ठेवला. गंमत नाही सांगत, नीट बघा काय झालं ते, दोघांमध्ये समन्वयाची केंद्रं होती, अधिकारी बसलेले होते, सगळं होतं. पण अमेरिकेच्याच चौकशीत निघालं की पाकिस्तानी अधिकाऱ्याला जागेची माहिती चुकीची गेली आणि एकमेकांवर भरवसा नसल्यामुळे कोणाची माणसं कुठे आहेत हे दोन्ही बाजूंनी पुरतं सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे तुमची खुणांची व्यवस्था होती आणि तरी माणसं मेली.

औंधवाली
हेच मला म्हणायचं होतं पण इतकं नीट जमलं नाही. मन साफ नसेल तर पद्धत एक करून काय उपयोग? खडकीकर, तुमच्या वडिलांनाच विचारा, समोरची तुकडी खूण खरी सांगतेय याची खात्री नसेल तर ते काय करायचे.

खडकीकर
आत्ता जेवताना विचारलं. जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "ज्यांनी वाट साफ केली त्यांनाच आधी तिच्यावरून चालायला सांगायचो. ते पलीकडे पोचले की मग आम्ही."