नवी बॅटरी घातली तरी गाडी नुसतं 'टक्' करते

जांभ्याची_विहीर
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. २०१२ ची छोटी पेट्रोल गाडी, हाताने गिअर टाकायची. आम्ही चिपळूणजवळ राहतो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये असते, पण शेडला बाजूच नाहीत, म्हणजे जूनपासून ती अर्धी पावसातच म्हणायची.

गेल्या सोमवारी आईला डोळे दाखवायला रत्नागिरीला न्यायचं होतं. चावी फिरवली. बॉनेटखालून एक 'टक्', पुढे काही नाही. परत फिरवली, परत टक्. आई मागे चष्म्याची डबी मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "एस्टी आहे साडेआठची."

दुकानदाराने फोनवरच निदान केलं, बॅटरी गेली. घरी येऊन नवी बसवली, ४,८०० रुपये घेतले, जुनी घेऊन गेला. दोन दिवस बरी चालली. गुरुवारी पुन्हा टक्! हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. शेजारच्या पोरांनी गडग्याजवळच्या उतारावरून ढकलली, सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला की लगेच सुरू, आणि पळतेही नीट. एक मेकॅनिक म्हणतो स्टार्टर बदला, दुसरा म्हणतो इग्निशन स्विच. शाळेतल्या पगारात मी एकेक पार्ट बदलत बसू का?

घाटावरचा_गणू
स्टार्टरच असणार. माझ्या गाडीला हेच व्हायचं. एकाने चावी धरायची, दुसऱ्याने स्टार्टरच्या अंगावर पान्याने हलकेच ठोकायचं, की लागला सेल्फ. स्टार्टरच्या आतले कार्बनचे ब्रश झिजले होते. महिनाभर पाना सीटखाली ठेवून फिरलो, बायको बसायला तयार नव्हती.

निवृत्त_वायरमन
ताई, स्टार्टर उतरवायची घाई नको. गणूभाऊ म्हणतात तेही असू शकतं, पण बॅटरी बदलल्यावर दोन दिवस गाडी शहाण्यासारखी वागली, हे मला खटकतंय. बॅटरी काढताना वायरी हलल्या असणार.

एस्टीच्या डेपोत ३१ वर्षं हेच केलं. बॅटरी उतरलेली असली की बहुधा एक टक् येत नाही, शिलाई मशीनसारखं टकटकटकटक येतं. सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, परत ओढला जातो. दिवेही मिणमिणतात. तुमचे लख्ख आहेत.

आता इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला चिकटलेलं नसतं. म्हणून बॅटरीच्या मायनसपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सला वेगळी जाड अर्थिंगची वायर असते. दिव्यांना बॉडीचं अर्थिंग पुरतं, सेल्फला ही वायर लागते. स्टार्टर १०० अँपिअरच्या पुढे ओढतो. १०० अँपिअरला ०.०५ ओहमचा अडथळा म्हणजे ५ व्होल्ट तिथेच खलास, मोटरला उरणार काय? कोकणातल्या दमट हवेत बोल्टखाली गंज धरतो आणि वरून काही दिसत नाही.

जंपर केबल असेल तर आत्ताच बघा. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर. एक काळा चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला, पंखा आणि बेल्टपासून लांब. दुसरी गाडी लागत नाही. चावी मारा. लागली, तर दोष अर्थिंगचाच.

जांभ्याची_विहीर
काका, लागली!! पहिल्या फटक्यात! चिमटा काढला, परत टक्. शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणलाय, त्याने काही बघू का? आणखी एक, गुरुवारी चार-पाच वेळा चावी मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची केबल कोमट लागली होती. माझा भास?

निवृत्त_वायरमन
भास नाही. करंटला सरळ वाट मिळाली नाही की तो मिळेल त्या तारेतून घुसतो. एका जीपची केबल अशी तापून आतल्या आत चिकटलेली मी पाहिली आहे. आता उगाच चावी मारत बसू नका.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नाही. दुसरी इंजिनवर. कुणाला तरी चावी मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वायर खराब.

उघडताना मायनस आधी काढायचा आणि लावताना शेवटी. उलटं केलंत आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होईल. वायरीचं तोंड आणि बोल्टखालची जागा, दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. टर्मिनलवर पांढरी भुकटी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा.

घाटावरचा_गणू
काका, माझ्या पान्याची इज्जत राखा थोडी.

जांभ्याची_विहीर
मीटरवर ५.८ आलं. गिअरबॉक्सकडचा बोल्ट सोडला तर खाली हिरवी पूड, आणि वायरीच्या तोंडाशी आठ-दहा तारा शिल्लक, बाकी तुटलेल्या. घासण्यात अर्थ नव्हता. नवी वायर २५० रुपयांत बनवून घेतली, आता ०.१ येतंय. आईला काल रत्नागिरीला नेऊन आणलं.

येताना दुकानदाराकडे थांबून विचारलं, माझी जुनी बॅटरी परत मिळेल का. म्हणाला, ती एका टेम्पोला बसवली, मस्त चाललीय.