मदत हवी आहे: मालिकेतल्या जाहिरातीचा दर ठरतो कसा?

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी मराठी प्राइम टाइमचा अभ्यास करतेय. महिनाभर रोज रात्री आईशेजारी वही घेऊन बसले. एका ब्रेकमध्ये मसाले, साबण, सोनेतारण कर्ज, पुन्हा तोच साबण! दर १० सेकंदांच्या हिशेबाने ठरतो आणि जाहिरात एजन्सी एका रेटिंग पॉइंटमागचा (म्हणजे ठरवलेल्या प्रेक्षकगटातल्या एक टक्का लोकांमागचा) खर्च बघते, इतकं कळलं. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेचे निवडक घरांतले मीटर आवाजात मिसळलेल्या, कानाला न जाणवणाऱ्या वॉटरमार्कवरून चॅनल ओळखतात, हेही समजलं.

गाडी अडलीय ती इथे: माझी आई साठीची, मालिका एकदाही चुकवत नाही. पण एजन्सीने तरुण वयोगट धरून जाहिरात घेतली, तर तिच्या बघण्याला दरात काही किंमत असते का? मीडिया प्लॅनिंगमध्ये कुणी असेल तर कृपया समजावून सांगा. शिवाय महाराष्ट्र-गोवा मार्केटचे जुने, वयोगटानुसार प्रेक्षकसंख्येचे आकडे विद्यार्थ्यांना कुठे मिळतील? पुढच्या महिन्यात प्रकरण द्यायचंय.