बाससाठी मोनो लाइन नक्की कधी वापरायची?

फ्रिस्कोकर
नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला राहतो. शनिवारी पहाटे बास मासा पकडायला लेक लुइसव्हिल नाहीतर रे रॉबर्ट्स तलाव गाठतो. बोट नाही, किनाऱ्यावरूनच फेकाफेक. दुकानातल्या पोराने दोन्ही रिळांवर ३० पौंडी (तेवढा ताण झेलणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन भरून दिली, म्हणाला याच्यापुढे काही बघूच नका.

तळाशी टाकलेल्या रबरी वर्मला (अळीला) छान चाललंय. पण उजाडताना पॉपर (पाण्यावर राहून पाणी उडवणारं आमिष) लावला की पाणी फुटतं, मासा लागतो, एक उडी मारतो आणि गेला. शिवाय पॉपर मध्ये थांबवला की लाइन पुढच्या ट्रेबल (तीन टोकांच्या) हुकात गुंडाळली जाते. व्हिडिओवाले फ्लोरोकार्बनची लाइन घ्या म्हणतात. शेजारचा टेक्सन आजोबा म्हणतो मोनो घे. मोनो आता कोणी वापरतं का? आणि वापरायची तर कुठे?

मालवणचो_झील
आजोबांचं ऐक रे बाबा.

मोनो म्हणजे आपला तंगूसच, नायलॉनचा एकसंध धागा. ताण दिला की लांबतो, वीस टक्क्यांच्या आसपास सहज. वर्म लावून तळ चाचपताना हा त्याचा दुर्गुण, पॉपरला हाच गुण. ट्रेबलची टोकं बारीक असतात, जबड्याच्या कडेला जेमतेम रुततात. बास हवेत डोकं झटकतो तेव्हा ब्रेडेड तसूभरही लांबत नाही. सगळा झटका त्या टोकावर येतो, भोक रुंदावतं आणि गळ निसटतो. तंगूस तो झटका पोटात घालतो.

फ्लोरोकार्बन पॉपरला अजिबात नको. पाण्याच्या पावणेदोन पट जड असतं ते. बुडतं आणि पॉपरचं नाक खाली ओढतं. मग तो पाणी उडवायचं सोडून मुंडी खाली घालून बसतो. व्हिडिओवाले बहुतेक वेळा जिग (जड डोक्याचा गळ) आणि वर्मबद्दल बोलत असतात, आपण ऐकतो सगळ्यासाठी.

ब्रेडेड वर राहते हे खरं, पण लुळी असते. म्हणून हुकात शिरते. तंगुसाला स्वतःचा ताठरपणा आहे, तो आमिषापासून थोडा लांब राहतो.

माझा हिशोब सांगतो. पॉपर आणि लांबट, डावी-उजवीकडे चालणारी आमिषं: १४ पौंडी. लेक फोर्कसारखी पाण्यात उभी वाळकी झाडं असतील तर १७. उथळ पाण्यात दगडांवर आपटत आणायचा चौकोनी तोंडाचा क्रँकबेट (ओढला की बुडी मारणारा खोटा मासा): १२, कारण तिथेही ट्रेबलच आहेत. खोल जाणारा क्रँकबेट असेल तर मात्र तंगूस काढून ठेव. जाडीमुळे तो पाण्यात अडतो आणि आमिष हवं तितकं खाली जात नाही. तिथे १० पौंडी फ्लोरो.

हायड्रिलाच्या (पाणगवताच्या) गालिच्यावर रबरी बेडूक ओढायचा असेल तर ५० ते ६५ पौंडी ब्रेडेडच. बेडकाचा दुहेरी गळ जाड असतो, तो जोरात रुतवायला लागतो. आणि माशासकट तीन-चार किलो गवत उपसायला लागतं, ते वेगळंच.

रॉडकडेही बघ. काठीसारखा कडक रॉड असेल तर तंगुसाचा अर्धा फायदा वाया. पॉपरला मधून वाकणारा, मीडियम रॉड हवा. मासा लागल्यावर मनगटाचा झटका देऊ नकोस. लाइन ताणात येऊ दे आणि रॉड बाजूला ओढ.

गरीवाली
मिशिगनहून लिहितेय. झीलदादांचं बाकी सगळं पटलं, पण एक गोष्ट. तंगूस तरंगतो असं सर्रास सांगितलं जातं, ते तसं नाही. नायलॉनची घनता साधारण १.१४, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित जास्त. तो सावकाश बुडतो. खरी तरंगणारी ब्रेडेड, तिची ०.९७.

आमच्या लेक सेंट क्लेअरला झेब्रा शिंपल्यांनी पाणी इतकं गाळलंय की दोरा दुरून दिसतो. स्मॉलमाउथ बासला ड्रॉपशॉट (खाली वजन, त्याच्या वर गळ) लावताना मी मोनोला हात लावत नाही. ब्रेडेड आणि पुढे ८ पौंडी फ्लोरो. थंडीत तर स्पिनिंग रिळावरचा मोनो वेटोळी घेऊन उसळतो, एक फेक धड जात नाही. वरच्या आमिषांना मात्र मीही मोनोच वापरते.

मालवणचो_झील
@गरीवाली ताई, घनता मान्य. म्हणून तर मी तरंगतो असं कुठेच लिहिलं नाही 😄 पॉपर आपण सतत हलवत असतो, तेवढ्या वेळात तंगूस नाक ओढण्याइतका खाली जात नाही. अर्धा मिनिट आमिष तसंच सोडायची सवय असेल तर फरक पडेल.

खाडीपार
मी रेवदंड्याचा, बास फक्त मोबाईलवर बघितलाय. पण आमच्याकडे जिताड्याला पॉपर लावतो तेव्हा रिळावर ब्रेडेड आणि पुढे ४० पौंडी तंगुसाचा लीडर, म्हणजे टोकाला जोडलेला तुकडा असतो. जिताड्याच्या कल्ल्याची धार आणि खडकावरची कालवं ब्रेडेडला क्षणात कापतात. फ्रिस्कोकर, तुम्हालाही सगळं रीळ रिकामं करायची गरज नाही. लीडर जोडा की.

फ्रिस्कोकर
हे सोयीचं वाटतंय. किनाऱ्यावरून लांब फेकायला ब्रेडेड बरी पडते. लीडर किती लांब आणि किती पौंडी? आणि ३० पौंडीला १५ पौंडी जोडली तर मोठा मासा तोडणार नाही ना?

मालवणचो_झील
खाडीपार बरोबर बोलले. लांब फेकलेल्या पूर्ण तंगुसात ताण फार साठतो आणि गळ नीट रुतत नाही. किनाऱ्यावरून मीही लीडरच लावला असता.

दोन-तीन फूट, १५ ते २० पौंडी. एवढ्या तुकड्यात लांबण्याचा फायदा थोडाच मिळतो, म्हणून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) एक घर सैल ठेव. पण हुकात गुंडाळणं थांबेल. जोडायला डबल युनी गाठ घाल, ब्रेडेडच्या बाजूला वेढे जास्त घे. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली कर, कोरडी आवळली की नायलॉन घर्षणाने तापून तिथेच कमजोर होतो.

मासा तोडण्याची भीती नको. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडी, १९९२ च्या जानेवारीत लेक फोर्कवर लागला, तो क्रॅपीसारखा लहान मासा पकडायला टाकलेल्या आमिषाला. ड्रॅग नीट लावलेला असला की पुरतं.

गरीवाली
आणि लीडर वरचेवर बदला. मोनो स्वस्त आहे, पाणी शोषतो, उन्हाने कडक होतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत रीळ ठेवलं असेल तर आधी नखावरून ओढून बघा. खरखरीत लागला की तेवढा तुकडा कापा.

फ्रिस्कोकर
माझी रिळं डिकीतच आहेत. आत्ता आणतो. कापलेले तुकडे रॅम्पजवळ पांढरा पाइप लावलाय त्यात टाकायचे ना?

मालवणचो_झील
हो, तो त्यासाठीच आहे. तंगूस आणि फ्लोरो दोन्ही चालतात. ब्रेडेड त्यात टाकू नकोस, ती रिसायकल होत नाही. बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात.