‘डान्सेस विथ वूल्व्ह्ज’: तेव्हा काय वाटलं, आता काय वाटतं?

धागाकर्ती

गेल्या महिन्यात लेकीबरोबर ‘डान्सेस विथ वूल्व्ह्ज’ पाहिला. माझी तिसरी वेळ, तिची पहिली. १९९१ साली कॉलेजात असताना पाहून मी इतकी भारावले होते की डायरीत पानभर लिहिलं होतं (ते पान आता वाचवत नाही). मग पंचविसेक वर्षं मी उलट्या गटात होते. ऑस्करच्या इतिहासातल्या मोठ्या चुकांची यादी निघाली की त्यात याचं नाव घ्यायचंच, अशी आमच्याकडे रीतच पडली होती.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९० चा चित्रपट, केविन कॉस्नरचं पहिलंच दिग्दर्शन. काळ १८६३ चा. अमेरिकन यादवीत जखमी झालेला लेफ्टनंट डनबार स्वतःहून सरहद्दीवरचं एक ओसाड ठाणं मागून घेतो आणि हळूहळू शेजारच्या लाकोटा या ‘रेड इंडियन’ टोळीतला एक होतो, हे सगळं वहीत टिपत. बारा नामांकनं, सात ऑस्कर. काउबॉय-पिक्चरला ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ मिळायला तब्बल साठ वर्षं जावी लागली होती. आधीचा १९३१ चा ‘सिमरॉन’, आणि तो आज कोणी बघत नाही.

लेक शेवटी म्हणाली, “छान आहे गं, पण हे सगळं त्या गोऱ्याच्या वहीतूनच का कळायचं आपल्याला?” मला उत्तर देता आलं नाही म्हणून हा धागा. तारे देऊ नका, परीक्षणंही नकोत. तेव्हा कुठे, कोणाबरोबर पाहिलात आणि नंतर कोणत्या गोष्टीने मत हललं, तेवढं सांगा. हललं नसेल तर तेही.

तिसरी रांग

मुंबईत, फोर्टातल्या एका थिएटरात, दुपारचा शो. आम्ही चौघं ‘काउबॉय-पिक्चर’ म्हणून गेलो होतो. सुरुवातीची लढाई सोडली तर पहिल्या पाऊण तासात धड गोळीबार नाही, एक माणूस, एक घोडा आणि एक लांडगा. पुढच्या रांगेतले दोघं उठून गेले. आमच्या मागे एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते आणि पडद्यावरच्या इंग्रजी ओळींचं मराठी करून तिला सांगत होते. सुरुवातीला आम्ही मागे वळून डोळे वटारले. नंतर लक्षात आलं, आम्हीही त्यांच्याच भरवशावर बसलोय, कारण ओळ वाचून होईपर्यंत पुसली जायची. ‘तातांका’ म्हणजे रानरेडा हे कळायच्या प्रसंगात कॉस्नर डोक्याला बोटांची शिंगं लावून गुडघ्यावर रांगतो ना, तिथे म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अरे, म्हैस म्हणतोय तो!” म्हणजे पडद्यावरच्या कोणाच्याही आधी तिला कळलं.

माझं मत कधीच हललं नाही. मला तो त्या आजींसकटच आठवतो, त्यामुळे मी साक्षीदार म्हणून बाद.

नेहमीचा विरोधक

कबुली देतो. मी हा चित्रपट न बघता दहा वर्षं शिव्या दिल्या. कारण एकच, त्या वर्षी ‘गुडफेलाज’ समोर होता. स्कॉर्सेसीचं दिग्दर्शन हरलं, थेल्मा स्कूनमेकरचं संकलनसुद्धा हरलं! ‘गुडफेलाज’च्या पदरात सहा नामांकनांपैकी एक पडलं, जो पेशीचं, सहाय्यक अभिनेत्याचं. संकलनाबद्दल आजही माफ करणार नाही.

पण शेवटी लॉकडाउनमध्ये पाहिला. पेशीने ज्यांना हरवलं त्यांत ग्रॅहम ग्रीन होता, लाकोटांतल्या शहाण्या किकिंग बर्डचं काम करणारा, हे तेव्हा ध्यानात आलं. आता प्रामाणिकपणे सांगा, पेशी आवडतोच, पण ग्रीन समोरच्याचं बोलणं ऐकताना जे करतो ते किती जणांना जमतं? दुभाषी बाई शब्द शोधत अडखळतेय, हा दम धरून बसलाय, मधेच डोळ्यांत अधीरपणा येतो आणि तो आवरतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो गेला. तेव्हा मी पुन्हा फक्त त्याचे प्रसंग बघितले, बाकीचं पुढे ढकलत. पुढे ढकलण्यासारखं बरंच आहे, हे माझं मत कायम.

शब्दखूण

मी भाषाशास्त्राची. माझं मत दोनदा उलटलं, म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा थक्क झाले होते. हॉलिवूडच्या एवढ्या मोठ्या चित्रपटात मोठमोठे प्रसंग लाकोटात, खाली इंग्रजी ओळी. त्याआधीचे ‘रेड इंडियन’ आठवा, मोडकं इंग्रजी नाहीतर नुसती आरोळी. मग पुढे रसेल मीन्स यांचं म्हणणं वाचलं. हे अमेरिकन इंडियन चळवळीतले नेते, स्वतः लाकोटा. ते या चित्रपटाची ‘लॉरेन्स ऑफ द प्लेन्स’ म्हणून टर उडवत, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या गोऱ्या नायकाच्या चित्रपटावरून. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला. लाकोटात बाईचं बोलणं आणि पुरुषाचं बोलणं वेगळं असतं, नटांना शिकवायला बाई होत्या, आणि पडद्यावर काही जण चक्क बायकी बोलत होते. मित्रांबरोबर बघताना आम्ही हसत होतो, असं ते सांगत.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मिशीवाला सरदार भाला रोवून गरजतो, “मी तुला घाबरत नाही, मी येते!” झालं? फक्त आपल्याकडे ते क्रियापदात असतं, लाकोटात वाक्याच्या टोकाला लागणाऱ्या छोट्या शब्दांत. ठासून सांगताना पुरुष ‘येलो’ लावतो, बाई तो लावत नाही, तिचा निराळा. म्हणजे ‘बाहेर पाऊस पडतोय’ एवढं सांगितलं तरी सांगणारा बाप्या की बाई ते कळावं.

यावर मी कित्येक वर्षं हा चित्रपट वर्गात फजितीचं उदाहरण म्हणून वापरला. मग त्या शिकवणाऱ्या बाईंबद्दल वाचलं. डोरिस लीडर चार्ज, रोजबड राखीव प्रदेशातल्या सिंटे ग्लेस्का या लाकोटांच्याच महाविद्यालयात भाषा शिकवायच्या. संवादांचं भाषांतर त्यांचं, आणि चित्रपटात म्हाताऱ्या टोळीप्रमुखाची, टेन बेअर्सची बायकोही त्याच आहेत. आता समोर शिष्य कोण बघा. ग्रॅहम ग्रीन ओनायडा, रॉडनी ग्रँट ओमाहा, टँटू कार्डिनल क्री-मेटी. लाकोटा घरात बोलणारं यांत कोणी नाही. म्हणजे कोल्हापूरच्या बाईंनी बंगाली, तेलुगू आणि पंजाबी नटांकडून थोड्या आठवड्यांत मराठी संवाद पाठ करून घ्यायचे. भाषा सोपी करून दिली गेली, आणि सोपं करताना नेमकं हे टोक छाटलं गेलं.

आणखी एक. डनबार कथेत लाकोटा शिकतो तो एका बाईकडूनच, त्या दुभाषी स्टँड्स विथ अ फिस्टकडून! मग त्याने बायकी लाकोटा बोलणं हे चुकून का होईना, अगदी बरोबर आहे. आमच्या सोसायटीतले एक तमिळ काका मराठी भाजीवालीकडून शिकले. वीस वर्षं झाली, निघताना “बरं, येते मी” म्हणतात. कोणी त्यांना दुरुस्त करत नाही. कॉस्नरला मी माफ केलं. बाकीच्या योद्ध्यांचं मात्र काही करता येत नाही.

धागाकर्ती

@शब्दखूण, “येते मी” वाचून मोठ्याने हसले. आता पुन्हा बघताना माझं लक्ष दुसरीकडे जाणारच नाही, याबद्दल आभार की निषेध ते ठरवते.

डकोटावारी

मी सध्या मिनेसोटात. दोन वर्षांपूर्वी गाडीने साउथ डकोटा केला. स्पिअरफिश कॅन्यनमध्ये, जिथे शेवटचा बर्फातला तळ चित्रित झाला, तिथे उभा राहून फोनवर जॉन बॅरीचं संगीत लावलं. बायकोने लांब जाऊन उभं राहणं पसंत केलं.

परत आल्यावर ऑफिसातल्या एका सहकारिणीला मोठ्या कौतुकाने फोटो दाखवले. ती रोजबडची, लाकोटा. तिने सांगितलं की तिच्या आजोबांनी थिएटरात जाऊन हा चित्रपट चार वेळा पाहिला. मी म्हटलं, म्हणजे आवडला! ती म्हणाली, “त्यांना ऐकायचा होता. बघायचा नव्हता.” शाळेत लाकोटा बोललं की मार पडायचा, त्या पिढीतले ते. तीच भाषा तिकीट काढून आलेले गोरे लोक गप्प बसून ऐकतायत, याची त्यांना मजा वाटायची. संवाद चुकला की तेही हसायचे म्हणे.

तिचा स्वतःचा राग वेगळाच. शेवटी पडद्यावर मजकूर येतो ना, तेरा वर्षांनी शेवटची स्वतंत्र टोळी नेब्रास्कात फोर्ट रॉबिन्सनला शरण आली आणि मैदानांवरची ती महान अश्वसंस्कृती लयाला गेली, अशा अर्थाचा. ती लहानपणी हे वाचून आईला म्हणाली होती, “आपण गेलो? मग आपण वॉलमार्टात काय करतोय?” ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातली त्यांची जमीन बेकायदा घेतली म्हणून सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये भरपाई मंजूर केली, आणि लाकोटांनी ते पैसे आजवर उचललेले नाहीत, त्यांना जमीन हवीय. म्हणजे चित्रपट आला तेव्हा भांडण चालू होतं आणि पडदा सांगत होता, संपलं. मला हे तोवर खटकलंही नव्हतं. मी तर त्या मजकुरावर दर वेळी डोळे पुसायचो.

फळा-खडू

इतिहास शिकवायचो, आता निवृत्त. माझी कुरकुर पॉनींसाठी, म्हणजे लाकोटांच्या वैरी टोळीसाठी.

चित्रपटात लाकोटा तेवढे देव आणि पॉनी तेवढे राक्षस. वेस स्टुडी (तो चेरोकी) पॉनी म्हणून येतो आणि अंगावर काटा आणतो, पण त्याला धड नावही दिलेलं नाही. त्या काळात खरी दाणादाण उडत होती ती पॉनींची. साथींनी खचलेले, संख्येने कमी, आणि लाकोटांचे हल्ले चालूच. ५ ऑगस्ट १८७३ ला नेब्रास्कात शिकारीला निघालेल्या पॉनींवर लाकोटांनी छापा घातला, बायका-मुलं मारली गेली. त्या दरीला आजही मॅसकर कॅन्यन म्हणतात. पॉनी अमेरिकन लष्कराचे वाटाडे झाले, त्यामागे हे वैर होतं.

याची मुळंही मजेशीर आहेत. मायकेल ब्लेकच्या मूळ कादंबरीत हे लोक लाकोटा नाहीतच, कोमांची आहेत. साउथ डकोटात रेड्यांचा साडेतीन हजारांचा खाजगी कळप मिळाला, लाकोटा बोलणारे मिळाले, म्हणून टोळी बदलली. नावं मात्र तशीच राहिली. टेन बेअर्स हा खरा कोमांची पुढारी होता, किकिंग बर्ड कायोवांचा. मराठ्यांवरचा चित्रपट राजस्थानात काढून त्यांना राजपूत केलं आणि सरदाराचं नाव तेवढं मल्हारराव ठेवलं, तर आपण काय केलं असतं? पोस्टर जाळली असती.

तरीही शिकारीचा प्रसंग वर्गात दाखवायचो, आणि त्याहून जास्त त्याच्या आधीचा: कातडी सोलून नेलेले, तसेच कुजत टाकलेले रेडे. रेल्वे, बंदूक आणि चामड्याचा बाजार यांनी काय केलं, यावर मी तास-तास बोलायचो. पोरांना ते त्या अर्ध्या मिनिटात कळायचं.

रात्रपाळी

चार तासांची आवृत्ती आहे, २३६ मिनिटं. सगळे म्हणतात बघू नका. मी म्हणतो तीच बघा. मूळ तीन तासांत लाकोटा फार सोज्वळ वाटतात. लांब आवृत्तीत ते रेडे मारणाऱ्या त्या गोऱ्या शिकाऱ्यांना मारून रात्री नाचतात आणि डनबारला ते झेपत नाही, तो लांब जाऊन झोपतो. हे कापलं नसतं तर निम्मी टीका झाली नसती. बाकी वाढीव भाग रटाळ आहे.

माजघर

एवढे सगळे बोलले, ब्लॅक शॉलबद्दल कोणीच नाही? किकिंग बर्डची बायको, टँटू कार्डिनल. नवरा सभेत एवढा शहाणा, आणि घरात? घरात अक्कल हिची. विधवा स्टँड्स विथ अ फिस्ट आणि डनबार यांचं जुळतंय हे अख्ख्या तळाला दिसतं, याला दिसत नाही. ही पांघरुणात शिरता शिरता त्याला सांगते, आणि लोक काय म्हणतात विचारलं तर म्हणते, त्यांना पटतंय, जोडी शोभते, दोघं गोरेच आहेत. सासूबाईंबरोबर बघत होते, त्या म्हणाल्या, “सगळीकडे असंच बाई.”

पण त्याच वाक्यात चित्रपटाची गोम आहे. एवढ्या वस्तीत नायकाच्या प्रेमात पडायला सापडली कोण, तर लहानपणी इथे येऊन वाढलेली गोरी मुलगी. १९९० मध्ये प्रेक्षक बिचकेल म्हणून असेल. मला पहिल्यांदा खटकलं नव्हतं हे मात्र खरं. मी तिच्या केसांकडे बघत होते. शोकात कापलेले म्हणावेत तर ऐंशीच्या दशकातल्या पार्लरमधून आल्यासारखे.

कॅसेटवाला

माझा काय अनुभव, मी पिक्चर २००५ ला बघितला. संगीत त्याच्या आधी दहा वर्षं वापरत होतो. गावात लग्नाचं शूटिंग करायचो. पुण्याहून कुणीतरी कॅसेट भरून दिली होती, वर नाव नाही, नुसतं ‘इंग्लिश, शांत’. वऱ्हाडाची गाडी आली की हेच लावायचं. पन्नासेक लग्नं तरी केली असतील त्यावर. पिक्चर बघताना रेडे पळायला लागले आणि मला डोळ्यांपुढं सगळी वऱ्हाडं दिसली. बायको म्हणाली, हसताय काय, मारतायत की त्यांना.

तिसरी रांग

परत आलो, कारण एक राहिलं. वीस वर्षांनी वडिलांबरोबर घरी पाहिला. त्यांना तोवर नीट ऐकू येत नव्हतं आणि इंग्रजी वाचायची सवय नव्हती. मी त्या थिएटरातल्या गृहस्थांसारखं सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, गप बस. शेवटी डनबार निघून जातो आणि विंड इन हिज हेअर हा लाकोटा योद्धा कड्यावर घोडा थांबवून ओरडतो. पहिल्या भेटीत तोच ओरडला होता, मी तुला घाबरत नाही, दिसतंय का तुला. आता म्हणतो, मी तुझा मित्र आहे, दिसतंय का तुला. वडील एवढंच म्हणाले, “हा आधी आला होता तोच ना? तेव्हा भांडत होता.”

मी हो म्हटलं. मग त्यांनी आवाज वाढवायला सांगितला, आणि खालचे जोशी तक्रार करायला वर आले.